राजाश्रय संपला, मग तिकीट आले : स्वतंत्र रॉकच्या निमित्ताने सांगली-मिरज

जानेवारीच्या उत्तरार्धात सांगली-मिरजेला जाऊन आले. निमित्त एका स्थानिक रॉक बँडच्या कार्यक्रमाचे होते. बँडमध्ये चौघे जण, गाणी मराठी आणि त्यांची स्वतःची, जागा म्हणजे हौशी नाट्यसंस्था वापरतात ते एक लहान सभागृह आणि तिकीट दीडशे रुपये, एवढी माहिती माझ्या मावसबहिणीने कळवली होती. तिच्या शेजारचा मुलगा या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ ऐकत मी वाढले आणि पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला तेव्हाही मी तेथे होते. त्या महोत्सवांनी मला पुष्कळ दिले. परंतु प्रायोजकाची कमान न उभारता, केवळ तिकिटाच्या भरवशावर कोणी सांगलीत स्वतःची गाणी ऐकवत असेल, तर ते प्रत्यक्ष जाऊन ऐकले पाहिजे, असे मला वाटले.

याचे कारण असे, की स्वतंत्र रॉक हे गिटारच्या आवाजावरून किंवा वाजवणाऱ्यांच्या वेशावरून ओळखता येत नाही, अशी माझी जुनी धारणा आहे. गाणे कोणाच्या पैशाने उभे राहिले, ते लोकांपर्यंत कोणी नेले आणि त्याचे मोल कोणी दिले, या प्रश्नांची उत्तरे पाहावी लागतात. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील प्रवेशाची अट संगीताच्या प्रकाराची नव्हती, वितरणाची होती. मोठ्या कंपन्यांच्या वितरणजाळ्याबाहेरून विकली गेलेली कोणतीही तबकडी तिच्यात येऊ शकत असे. त्याआधी, जानेवारी १९७७ मध्ये, मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने पैसे घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली होती. पहिल्या खेपेच्या हजार प्रती पाहता पाहता संपल्या आणि पदरमोड करून तबकडी काढता येते, हे इतरांना दिसले. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या धाडसात आहे.

शुक्रवार : सांगली

गाडी सकाळी वेळेवर पोहोचली. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता आणि स्थानकावरून विश्रामबागेकडे जाताना उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागून एक भेटत होते. बहुतेकांवर चालकाच्या पाठीमागे स्पीकरच्या पेट्या बसवलेल्या होत्या आणि त्यांतून सिनेमातील गाणी पूर्ण आवाजात चालू होती. मी कानांवर हात ठेवलेला पाहून रिक्षाचालक म्हणाले, “रात्रीच्या खेपंला झोप लागू नये म्हणून लावत्यात वो ताई. टेप बंद झाला, की डोळा लागतोय.” पुढे त्यांनी हेही सांगितले, की कोणत्या गावच्या ट्रॅक्टरवर कोणती गाणी लागतात, हे त्यांना लांबूनच ओळखू येते.

मोठ्या आवाजाचे या भागाला वावडे नाही. गणेशोत्सव, जत्रा, वराती, निवडणुकीचे विजय, सर्वत्र स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. परंतु त्या भिंतींतून येणारे गाणे नेहमी दुसरीकडे कोठे तरी तयार झालेले असते. आवाजाची एवढी हौस असलेल्या गावात स्वतः केलेल्या गाण्याला ठिकाण नसावे, याची मला मनापासून खंत वाटते आणि संध्याकाळी भेटलेल्या मुलांनाही नेमकी तीच खंत होती.

दुपारी मावशीने कृष्णाकाठची भरली वांगी, ज्वारीची भाकरी, खरडा आणि घट्ट दही असे जेवण वाढले. ही फिकट हिरवट, पांढऱ्या रेघांची वांगी पुण्यातही मिळतात, पण इथल्यासारखी कोवळी मिळत नाहीत. खरडा जपून घ्यावा, असे मावशीने दोनदा बजावले.

तालमीची खोली गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आहे. २०१९ च्या महापुरात या खोलीत माणूस बुडेल एवढे पाणी होते. त्या पाण्याची मातकट रेघ मुलांनी भिंत रंगवताना मुद्दाम तशीच राखली आहे. तेव्हा त्यांचा अॅम्प्लिफायर आणि उसना आणलेला ड्रमसंच पाण्यात गेला. २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा मात्र सारे सामान वेळेआधीच विश्रामबागेत हलवलेले होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले की वाद्ये उचलायची, तो आकडा आता दारामागे खडूने लिहून ठेवला आहे. एखाद्या बँडच्या तालमीच्या खोलीत असा आकडा मी यापूर्वी कोठेही पाहिला नव्हता.

गाणारा एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. गिटार वाजवणारी मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बेसवाला हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, तर ड्रम वाजवणारा वाळवा तालुक्यातील एका बेंजो पार्टीतून आलेला आहे. शिक्षकाच्या नोकरीमुळे तालमींना वेळ कमी पडतो, असे गायक संकोचाने सांगू लागला, तेव्हा मी त्याला अमेरिकेतील डेटन या गावच्या रॉबर्ट पोलार्ड यांच्याविषयी सांगितले. तेही प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि शाळा सांभाळून, घरगुती चार-ट्रॅक यंत्रावर गाणी मुद्रित करत होते. त्यांच्या ‘गाइडेड बाय व्हॉइसेस’ या बँडची ती खरखरीत मुद्रणे १९९० च्या दशकात स्वतंत्र रॉकमधील महत्त्वाचे काम मानली गेली. चौघांनीही हे नाव ऐकले नव्हते. मग लहान गावांतून आलेल्या आणखी काही बँडांविषयी सांगितले. ‘आर.ई.एम.’ हा अमेरिकी बँड ज्या अथेन्समधून आला ते जॉर्जिया राज्यातील विद्यापीठाचे गाव, किंवा ‘द क्लीन’ आणि ‘द चिल्स’ हे बँड जेथून आले ते न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील डनीडिन, ही दोन्ही ठिकाणे त्या त्या देशांच्या संगीतव्यवसायाच्या मुख्य केंद्रांपासून दूर होती. डनीडिनच्या बँडांना हात दिला तो क्राइस्टचर्चमधील एका तबकडीविक्रेत्याने १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्लाइंग नन’ या लहानशा संस्थेने. राजधानीपासून दूर असल्याने तेथील मुलांना कोणाच्या पसंतीची वाट पाहावी लागली नाही आणि म्हणून त्यांचा आवाज वेगळा झाला, असे माझे मत आहे. सांगलीला ही सवलत आज आहे.

ड्रमवाल्याशी सर्वांत जास्त बोलणे झाले. इकडे बेंजो पार्टीत विजेवर चालणारा बेंजो, कीबोर्ड आणि तालवाद्यांचा ताफा गाडीवर किंवा रस्त्यावर वाजत असतो. खेड्यातील मुलाच्या कानावर पडणारी पहिली विद्युत तंतुवाद्याची तान बहुधा याच बेंजोची असते. तिच्यातील कर्कश, धारदार चढ मला फार आवडतो. मराठी रॉक गिटारने परदेशी नमुन्यांकडे पाहण्याआधी या बेंजोकडे पाहिले पाहिजे, असे मी त्याला म्हणाले. त्याचे उत्तर मला विचारात पाडणारे होते. “ताई, बेंजोत एका जागी थांबायला मिळत नाही. मिरवणूक सरकली, की आपण बी सरकायचं. इथं बसून वाजवायला मिळतंय आणि समोरचा माणूस बी बसून ऐकतोय.”

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगते. जानेवारीत दिवसा ऊन लागते, पण रात्री नऊनंतर नदीकडून गारवा येतो, म्हणून एखादी शाल किंवा स्वेटर जवळ ठेवावा. हंगामात ऊसवाहतुकीमुळे रस्ते अडतात, त्यामुळे सांगली-मिरज हे दहा-बारा किलोमीटरचे अंतर असले तरी पाऊण तास हाताशी ठेवावा.

शनिवार, दिवसा : मिरज

गिटारवाल्या मुलीला घेऊन सकाळी मिरजेला गेले. तिचे सारे शिक्षण सांगलीत झाले, तरी सतारमेकरांच्या गल्लीत ती कधी गेली नव्हती. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यांकडे वळले आणि फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगितली जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, लाकूड तुणीचे असते. एका दुकानाच्या माडीवर वाळत ठेवलेल्या भोपळ्यांच्या ओळी होत्या आणि खाली, उंबऱ्याजवळच्या उजेडात, एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे झणत्कार उमटावा म्हणून घोडी घासून बसवत, बसले होते.

आम्ही तेथे दीड-दोन तास बसलो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, रुंद पृष्ठभाग ते कानशीने अगदी हलक्या हाताने घासत, तार चढवत, छेडत, मान हलवत आणि तार उतरवून पुन्हा घासायला घेत. “जवारी यंत्रावर निघत नाही, ताई. घासायचं, ऐकायचं, परत घासायचं. कान थकला, की हात थांबवायचा,” असे ते म्हणाले. गिटारची घोडी अरुंद असते, कारण तारेचा स्वर स्वच्छ सुटावा, ही तेथील अपेक्षा. तंबोऱ्याच्या घोडीवर मात्र कंप पावणारी तार पृष्ठभागाला सतत निसटता स्पर्श करते, त्यातून वरचे उपस्वर जागे होतात आणि मग तारेखाली सरकवलेल्या सुताने, ज्याला जीव म्हणतात, तो झणत्कार हवा तेथे स्थिर करतात. रॉक गिटारने वेगळ्या वाटेने हेच मिळवले. स्वच्छ स्वर अॅम्प्लिफायरमधून मर्यादेबाहेर ढकलला, की त्याच्या लहरींची टोके कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात. एका ठिकाणी हे काम लाकूड आणि कानस करते, दुसऱ्या ठिकाणी वीज. मुलीने तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर गिटारचा स्वर असा फाडणाऱ्या आपल्या पेडलविषयी ती एवढेच म्हणाली, “माझं पेडल आता मला कमी वाटायला लागलं.”

तेथून ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच परिसरात आहे. किराणा घराण्याच्या या थोर गायकाने मिरजेत बिऱ्हाड केले आणि १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात, सिंगपेरुमाळ कोइल या स्थानकावर त्यांचे निधन झाल्यावर त्यांना इथे आणले गेले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गायक-वादक हजेरी लावतात आणि रात्र-रात्र बसून ऐकणारा श्रोता मिरजेत अजून आहे.

रॉकच्या लेखात किराण्याचे काय काम, असे कोणी विचारील. याच घराण्याचे पंडित प्राणनाथ, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कचे संगीतकार ला माँट यंग यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. या यंग यांच्या मंडळीत १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात जॉन केल हे व्हायोलावर एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवत असत. पुढे केल यांनी लू रीड यांच्यासह ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ उभे केले आणि तो धरून ठेवलेला स्वर रॉकमध्ये आला. नंतरच्या स्वतंत्र रॉकचा फार मोठा भाग या बँडच्या ऋणात आहे. काळाचा क्रम पाहता केल यांनी ही गोष्ट किराण्याकडून घेतली, असे म्हणता येणार नाही. यंग यांचा कान आधीच लांबलेल्या स्वराकडे वळला होता आणि त्या कानाला आपले गुरू किराणा घराण्यात सापडले, इतकेच खरे आहे. माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे. दर्ग्याच्या ओट्यावर बसून मी हे त्या मुलीला सांगितले, तेव्हा तिने वही काढून सर्व नावे लिहून घेतली.

वाद्यांच्या दुकानांत सकाळी जाणे बरे, दुपारी कारागीर जेवायला आणि विश्रांतीला उठतात. रोगण न चढलेल्या भोपळ्यांना हात लावू नये. काही घ्यायचे नसले तरी बसू देतात, पण जवारीचे काम चालू असताना बोलू नये, कारण त्यांचे सारे काम ऐकण्याचे असते.

शनिवार, संध्याकाळी : कार्यक्रम

सभागृह दोनशे आसनांचे, उंच छताचे आणि माणसाचा आवाज विनासायास पोहोचावा म्हणून बांधलेले आहे. असे सभागृह ड्रमला मानवत नाही, कारण झांजेचा आवाज छतावर आदळून परत येतो आणि शब्दांवर बसतो. मुलांनी त्यावर विचार केला होता. ड्रमला मायक्रोफोन लावला नव्हता, मागच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या होत्या आणि गिटारचा अॅम्प्लिफायर प्रेक्षकांकडे न रोखता तिरपा ठेवला होता. उघड्या मैदानाऐवजी सभागृह निवडण्यामागे नियमही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते. मुंबईचे रंगभवन रॉकला मुकले ते अशाच शांतता क्षेत्रामुळे. ज्याला लहान गावात हे संगीत रुजवायचे आहे, त्याने बंद सभागृहाचाच विचार करावा.

साडेसातचा कार्यक्रम आठला दहा मिनिटे कमी असताना सुरू झाला. सुमारे एकशेदहा माणसे आली होती. त्यांत महाविद्यालयीन मुले जास्त, पण गायकाचे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील, बेंजो पार्टीतील मंडळी, अडत दुकानाचे मालक सपत्नीक आणि पहिल्या रांगेत एक पांढरा सदरा घातलेले वृद्ध गृहस्थ, जे एका नाट्यसंस्थेत अनेक वर्षे प्रॉम्प्टर होते. लहान मुलांना बंदी नव्हती. वॉशिंग्टनच्या ‘फुगाझी’ या बँडने आपल्या कार्यक्रमांची तिकिटे पाच डॉलरच्या आसपास आणि दरवाजे सर्व वयांना खुले ठेवण्याचा आग्रह धरला होता, तो मला आठवला. मद्याच्या विक्रीवर चालणाऱ्या जागेत रॉक गेले, की सोळा वर्षांचा श्रोता बाहेर राहतो आणि उद्याचा वादक त्याच वयाचा असतो.

पहिली दोन गाणी मला पटली नाहीत. सूर चांगले होते, पण गायक मराठी शब्द अमेरिकी पद्धतीने ताणत होता. मराठीतील जोडाक्षरे आणि शब्दांच्या शेवटी अचानक थांबणारे व्यंजन यांना स्वतःचा ठेका आहे. तो सोडून दिला, की गाणे कोणत्याच भाषेत राहत नाही. कोलकात्यात १९७५ च्या सुमारास ‘मोहिनेर घोडागुली’ या बँडने बंगालीत आणि पुढे केरळात ‘अवियल’ने मल्याळममध्ये गायला घेतले, तेव्हा आपल्या भाषेची चाल त्यांनी मोडली नाही. मराठी रॉकने ही गोष्ट अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

तिसरे गाणे सुरू झाले आणि चित्र पालटले. ते बेसवाल्याने सांगलीजवळच्या हरिपूरच्या रिकाम्या पेवांवर, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीतील कोठारांवर, लिहिले आहे. सुरुवातीला केवळ बेसचा एक स्वर, पाच-सहा आवर्तने तसाच, त्यावर ड्रमवाल्याने काठीने कडेवर धरलेला हलगीचा ठेका आणि मग गिटार, जी स्वच्छ स्वरातून हळूहळू फाटत जाऊन शेवटी बेंजोच्या चढ्या तानेपर्यंत पोहोचली. गायक इथे गात नव्हता, जवळजवळ बोलत होता आणि प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. सकाळी तंबोऱ्याला कान लावून बसलेल्या मुलीने त्या एका स्वरावर किती वेळ थांबायचे ते बरोबर ओळखले. या एका गाण्यासाठी मी पुन्हा सांगलीला जाईन.

मध्येच मागून कोणी तरी ओरडले, “एखादं पिक्चरचं होऊ द्या की!” गायक शांतपणे म्हणाला, “पिक्चरचं उद्या वरातीत ऐकू, दादा. आज आमचं ऐका.” टाळ्या पडल्या आणि पुन्हा कोणी फर्माईश केली नाही. आपल्याकडे अनेक गुणी वादकांची उमेदीची वर्षे इतरांची लोकप्रिय गाणी वाजवण्यात गेली, कारण पैसे देणाऱ्या यजमानाला तीच हवी होती. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यासमोर नकार देता येतो, यजमानासमोर देता येत नाही.

कार्यक्रमानंतर ते प्रॉम्प्टर काका हळूहळू रंगमंचावर आले आणि मुलांना म्हणाले, “पोरांनो, वाद्यं पाहिजे तेवढी चढवा, पण शब्द गिळू नका. शेवटच्या रांगेला शब्द गेला नाही, तर दुसऱ्या प्रयोगाचं तिकीट जात नसतं.” मुलांनी वाकून नमस्कार केला. मला काकांनी रविवारी सकाळी घरी चहाला बोलावले.

मग रंगमंचावरच सतरंजीवर बसून हिशेब झाला. तिकिटांचे १६,५०० रुपये जमले होते. सभागृहाचे भाडे ४,०००, ध्वनियंत्रणा ७,०००, भित्तिपत्रके १,२०० आणि टेम्पो व चहापाणी १,५०० असे १३,७०० वजा जाता २,८०० उरले. ड्रमवाला त्या रात्रीची लग्नाची सुपारी सोडून आला होता, म्हणून १,४०० त्याला द्यायचे आणि उरलेले ध्वनिमुद्रणासाठी ठेवलेल्या डब्यात टाकायचे, असे ठरले. रक्कम लहान आहे, हे मी जाणते. तरीही दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहावे. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे बारा महिन्यांत हजारही श्रवण होत नाहीत, त्याला मोबदल्याच्या हिशेबात धरलेच जात नाही. तेथे हजाराच्या आत असलेला श्रोता पैशाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो आणि सांगलीच्या सभागृहात एकशेदहा माणसांनी एक कार्यक्रम तोटा न होता उभा केला. आंतरजालाला माझा विरोध नाही. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडने २०१० मध्ये नव्या संग्रहातील गाणी दरमहा एक याप्रमाणे विनामूल्य दिली होती, परंतु त्यांच्यामागे वीस वर्षांचे कार्यक्रम आणि त्या कार्यक्रमांना तिकीट काढून येणारा श्रोता होता. नव्या बँडने आधी तो श्रोता मिळवावा.

रविवार : गावभाग आणि हरिपूर

प्रॉम्प्टर काकांच्या घरी भडंग आणि चहा झाला. इथले भडंग लसूण आणि मेतकुटाच्या वासाने आधी ओळखू येते, आणि त्याला कच्चा कांदा हवाच. काकांनी विषय काढला तो विष्णुदास भाव्यांचा. १८४३ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेवरून भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, हे मराठी माणसाला माहीत असते. पुढचा भाग काकांना अधिक महत्त्वाचा वाटतो आणि मलाही. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, दरबाराचा आधार तुटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. “राजे होते तोवर नाटक वाड्यात होतं. राजे गेले, मग तिकीट आलं आणि नाटक लोकांचं झालं,” काका म्हणाले.

मिरजेतही हेच घडले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांबाहेर सार्वजनिक बैठका करत फिरले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही राजाश्रयावर न विसंबता. स्वतःची मंडळी, स्वतःचा बाडबिस्तरा, गावोगावची नाट्यगृहे, दारावर विकलेली तिकिटे आणि रात्री झालेला हिशेब, या व्यवस्थेवर संगीत नाटकाच्या कंपन्या पुढे कितीतरी वर्षे जगल्या. अमेरिकेतील स्वतंत्र बँड १९८० च्या दशकात एका जुनाट गाडीत वाद्ये भरून याच रीतीने गावोगाव फिरले. सांगलीच्या मुलांनी हा मार्ग परक्यांकडून शिकण्याची गरज नाही, तो त्यांच्या गल्लीतून निघालेला आहे. आजचे संस्थानिक म्हणजे प्रायोजक. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही, पण ते केव्हा उठून जातील याचा नेम नसतो आणि गाणे त्यांच्यावर अवलंबून असेल, तर तेही त्यांच्याबरोबर उठते.

उन्हे चढण्याआधी बेसवाला मला दुचाकीवरून हरिपूरला घेऊन गेला. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाशी असलेल्या या गावातील जमिनीत हळद साठवण्याची पेवे आहेत. तोंड माणूस उतरेल एवढे, आत पोट मोठे आणि हळद त्यात वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, कारण आत प्राणवायू नसतो. २००५ च्या पुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली आणि नंतर गोदामे, शीतगृहे आली. बेसवाल्याचे आजोबा पेवात उतरणाऱ्या हमालांपैकी होते. त्याच्या गाण्यातील एक ओळ मला नीट कळली नव्हती, ती इथे कळली. पेवाचे झाकण काढल्यावर वरची माणसे थांबून राहत, त्या थांबण्याची ती ओळ आहे आणि सुरुवातीचा बेसचा तो एकच स्वर तेवढ्यासाठी लांबवलेला आहे. मी त्याला म्हटले, की मुद्रण करताना तो स्वर आणखी दोन आवर्तने वाढवावा. तो म्हणाला, “वाढवतो ताई, पण बाकीच्यांना तुम्हीच सांगा. त्यांना घाई असती.”

त्यांचा पुढचा कार्यक्रम दहावीच्या परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलमध्ये ठेवण्याचा विचार आहे, कारण तोपर्यंत गणिताच्या शिक्षकाला सवड मिळणार नाही. तिकीट दोनशे करावे की नाही, यावर शनिवारी रात्री बराच वाद झाला आणि दीडशेच ठेवायचे ठरले. तिकीट दारावर मिळते. पुढच्या तीन रांगा सोडून मध्यभागी बसावे, तेथे शब्द सर्वांत स्पष्ट ऐकू येतात. उशीर झाल्यास परतीच्या रिक्षाचे भाडे आधी ठरवून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मिरजेसाठी मोकळी ठेवावी.